फायरप्लेसला काचेचं दार लावायचंय? आधी सांगा, दार मिटून जाळ करणार का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पन्हाळ्याच्या वाटेवर सासऱ्यांनी हौसेनं बंगला बांधला, हॉलमध्ये काळ्या दगडाची फायरप्लेस केली. तोंड ३६ इंच रुंद, ३० इंच उंच. गेल्या थंडीत पाच-सहा वेळा पेटवली तेव्हा धूर हॉलमध्ये आला, ठिणग्या लाकडी फ्लोअरिंगवर उडाल्या, जाळ विझल्यावर पहाटे धुराड्यातून गार वारं खाली यायला लागलं. शिवाय घरात तीन वर्षांची मुलगी. म्हणून काचेची दारं लावायची ठरली. तीन कोटेशनं आली, त्यातलं महाग कोटेशन स्वस्ताच्या पाचपट निघालं, आणि तुम्ही विचारताय, यातली कुठली काच घेऊ?

काच कुठली ते सांगतो. पण तुमच्या एका प्रश्नात चार दुखणी आहेत: धूर, ठिणगी, गार वारं आणि लेकरू. ठिणगी आणि गार वारं यांवर काचेचं दार चांगलं लागू पडतं. धुरावर अर्धंमुर्धं, तेही दार कसं बनवलंय त्यावर. आणि लेकराच्या बाबतीत म्हणाल तर दार उलट एक नवी काळजी उभी करतं. तिन्ही कोटेशनवाल्यांनी हे सांगितलेलं दिसत नाही. त्यांना दोष देत नाही, त्यांना माप विचारलं, त्यांनी भाव दिला.

मी कोण, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं तीस वर्षं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. सुरुवात फौंड्रीच्या कामानं झाली, भट्टीची दारं, कपोल्याची (बीड वितळवायच्या उभ्या भट्टीची) डागडुजी, हूड. हंगामात गुऱ्हाळाच्या चुलवणाची, म्हणजे गुळाच्या मोठ्या चुलीची, लोखंडी कामं यायची, अजून येतात. पुढं लोकांनी डोंगरावर बंगले बांधायला सुरुवात केली, पन्हाळा, गगनबावडा, आंबोली, महाबळेश्वर, तशी फायरप्लेसची दारं माझ्याकडं यायला लागली. जाळासमोर काय टिकतं आणि काय फुटतं हे बऱ्यापैकी बघितलंय, काही वेळा स्वतःच्या खिशातनं पैसे घालून.

तर पहिला प्रश्न हा: जाळ पेटलेला असताना तुम्ही दार उघडं ठेवणार की मिटणार? बाकी सगळं या उत्तरावर अवलंबून आहे, काच, चौकट, पैसे, सगळं. आणि या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही, ते घरातल्या माणसांच्या सवयीवर आहे.

आता काचेकडं येऊ. बाजारात तुम्हाला तीन-चार नावं ऐकू येतील. साधी खिडकीची काच सोडून द्या. तिच्या एका भागात आणि दुसऱ्या भागात चाळीसेक अंशांचा फरक पडला तरी ती तडकू शकते. टफन्ड काच म्हणजे तीच काच तापवून एकदम गार केलेली. त्यामुळं तिच्या पोटात ताण बसतो आणि ती चारपाचपट मजबूत होते, सुमारे २५० अंशांपर्यंतची उष्णता सोसते. फुटली तर सुरे होत नाहीत, खडीसाखरेसारखे बारीक तुकडे होतात. बोरोसिलिकेट म्हणजे प्रयोगशाळेतल्या चंबूची काच. ती तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते. आणि शेवटी सिरॅमिक काच. ती तापल्यावर जवळजवळ वाढतच नाही, म्हणून सुमारे ७०० अंशांना नेऊन वर गार पाणी टाकलं तरी तडकत नाही. जर्मन शॉट कंपनीची रोबॅक्स आणि जपानी निओसेरॅम ही त्यातली नावं तुम्हाला कोटेशनमध्ये दिसतील.

स्वयंपाकघरातलं उदाहरण देतो. काचेच्या गॅसशेगडीची काच फुटल्याचं तुम्ही कुठंतरी ऐकलं असेल. ती टफन्ड असते. वर जड कुकर, खाली बर्नरची धग, त्यात गार पाणी सांडलं की कधीतरी ती जाते. काही वेळा तर काहीच कारण न दिसता जाते, कारण काच बनताना आत निकेल सल्फाइडचा सुईच्या टोकाएवढा कण राहिलेला असतो. उलट चांगल्या इंडक्शनची काळी काच सिरॅमिक असते. तिच्यावर तापलेलं भांडं आणि ओलं फडकं दोन्ही चालतं. तुमच्या फायरप्लेसच्या कोटेशनांतला पाचपटीचा फरक बराचसा या दोन काचांतला फरक आहे.

ही सिरॅमिक काच चुकून सापडली म्हणतात ते खरं आहे. १९५३ साली अमेरिकेत कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टुकी नावाचे संशोधक काचेचा तुकडा ६०० अंशांना तापवत होते, भट्टी बिघडून ९०० वर गेली. काच वितळून भट्टीची वाट लागली असेल असं त्यांना वाटलं, तर आत पांढरी पाटी तयार. ती चिमट्यातनं सटकून खाली पडली आणि फुटली नाही. त्याआधी स्टोव्हच्या खिडक्यांना अभ्रक लावायचे. आमच्या जुन्या कपोल्यालाही जाळ बघायच्या भोकावर अभ्रकाचीच चकती असायची. अभ्रक उष्णता झकास सोसतं, पण त्याचे पापुद्रे सुटतात आणि आरपार फार स्वच्छ दिसत नाही. एखाद्या जुन्या बिडाच्या शेगडीला पिवळट, पापुद्र्यांची खिडकी दिसली तर ती काच समजून घासू नका.

आता हे लाकडाच्या जाळाला लावून बघा. जोरात पेटलेल्या सुक्या लाकडाचा जाळ ८००-९०० अंशांच्या घरात जातो. काच त्यापासून फूट-दीड फुटावर आहे, मधून हवा खेळतीय, तोवर काचेचं तापमान बेताचं राहतं. दार उघडं असलं तर ती जाळापुढनं बाजूला सरलेली असते, प्रश्नच नाही. पण दार मिटलं की तीच काच सगळी धग छातीवर घेते. म्हणून टफन्ड काचेच्या दारांचा नियम असा की पेटता जाळ असताना दारं पूर्ण उघडी, पुढं फक्त बारीक लोखंडी जाळीचा पडदा. जाळ बसला, निखारे उरले, झोपायला जायची वेळ झाली की मग दारं मिटायची. अर्धवट उघडं ठेवणं सगळ्यात वाईट, कारण मग काचेची एक कड तापते आणि दुसरी गार राहते.

हा नियम मला पुस्तकातनं कळला नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आंबोलीतल्या एका बंगल्याला मी टफन्ड काचेची दारं करून दिली. मालकांना नियम सांगितला, त्यांनी पाळलाही. पुढच्या थंडीत त्यांचे पाहुणे राहायला आले. ठिणग्या उडतायत म्हणून पाहुण्यांनी भर जाळात दारं मिटली आणि गप्पा मारत बसले. काच फुटली. लागलं कुणाला नाही, पण गालिचाभर काचेचा चुरा झाला. मालक मला काही बोलले नाहीत. मी नवीन काच स्वखर्चानं बसवून आलो आणि परत येताना घाटात तोच विचार करत होतो, की नियम मी मालकाला सांगितला, पाहुण्यांना कुठं सांगितला होता? घरात नियम पाळणारा माणूस एकच असतो. बाकीच्यांना दार दिसतं आणि दार दिसलं की माणूस ते लावतो.

तेव्हापासून ज्या घरात पाहुणे येतात, भाड्यानं बंगला दिला जातो, लहान मुलं आहेत, तिथं मी टफन्ड काचेचं काम घेत नाही. दोघंच जण राहतात, वर्षात आठ-दहा वेळा पेटवतात, शिस्तीचे आहेत, तर टफन्ड काच बिनघोर चालते आणि पैसे वाचतात. तुमच्याकडं सासरे, पाहुणे, लेकरू सगळं आहे. तुमच्यासाठी माझं मत सिरॅमिक.

ती खरंच सिरॅमिक आहे का हे ओळखायचं कसं? "हीटप्रूफ काच" असं नुसतं लिहिलेलं तुमचं दुसरं कोटेशन आहे, त्यात नेमकी हीच गोम आहे. मलाही एकदा एका पुरवठादारानं हीटप्रूफ म्हणून चक्क टफन्ड दिली होती. कडेनं बघा. साध्या आणि टफन्ड काचेची कड हिरवट दिसते, सिरॅमिकला किंचित पिवळसर, चहाच्या फिक्या पाण्यासारखी झाक असते. कोपऱ्यात टफन्डचा शिक्का असला तर विषयच संपला. आणि एक गंमत करून बघा. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल घाला आणि पडदा काळा पडेपर्यंत डोकं तिरकं करा. आता मधे काच धरा. टफन्ड असेल तर काळ्यावर ढगाळ पट्टे किंवा ठिपके उमटतात, तो तिच्या पोटातला ताण दिसतोय. सिरॅमिकमध्ये तसं काही दिसत नाही. जाडी ४ किंवा ५ मिलिमीटर असते. चारची काच बघून लोक म्हणतात, एवढी पातळ? इथं जाडीचा उपयोग नाही, जातीचा आहे. १२ मिलिमीटरची टफन्ड लावली म्हणून ती सिरॅमिक होत नाही, उलट जाड काचेची आतली बाजू तापते आणि बाहेरची मागं राहते.

ऊब वाढेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तिसऱ्या कोटेशनमध्ये "हीटिंग एफिशियन्सी" लिहिलंय म्हणून सांगतो. उघड्या फायरप्लेसमधली बहुतेक ऊब धुराड्यातनं वर जाते, शंभरातली ऐंशी-नव्वद तरी. उरलेली जी मिळते ती जाळाच्या झळीनं, थेट अंगावर. तिच्यापुढं काच आली की झळ आणखी कमी होते. सिरॅमिक काच झळ जास्त सोडते, टफन्ड बरीच अडवते. म्हणजे जाळ पेटलेला असताना दार मिटून खोली जास्त तापेल ही समजूत चुकीची आहे. दाराचा फायदा जाळ बसल्यावर होतो. उघडं धुराडं रात्रभर खोलीतली गरम हवा ओढत राहतं, ती ओढ दारानं तुटते. तुम्हाला पहाटे गार वारं लागतं ते याच वाटेनं, आणि त्यावर दार रामबाण आहे. खरंच ऊब हवी असेल तर फायरप्लेसच्या पोटात बिडाचा बंद स्टोव्ह बसवायचा, ज्याला इन्सर्ट म्हणतात. तो वेगळा विषय आणि वेगळा खर्च. वर्षातल्या पंधरा-वीस रात्रींसाठी मी तरी सांगणार नाही.

आता धूर. यावर जरा जास्त बोलतो, कारण हे न सोडवता दारं लावलीत तर पैसे पाण्यात, म्हणजे धुरात.

कुठलीही चाचणी करण्याआधी बॅटरी घेऊन धुराड्यात वर बघा. थंडी संपली की डोंगरावरची धुराडी आठ-दहा महिने बंद असतात. पाखरांची घरटी असतात, आणि सातेरी मधमाशीला अंधारी पोकळी फार आवडते. गगनबावड्याला एका ठिकाणी धुराचा बंदोबस्त करायला म्हणून गेलो आणि मध घेऊन आलो. गमतीचा भाग सोडा, पण माश्या असतील तर जाळ घालू नका, जाणकाराला बोलवून पोळं हलवून घ्या.

धुराडं मोकळं आहे, त्याची उघडमीट करायची झडप पूर्ण उघडते, लाकूड सुकं आहे. या तीन गोष्टींची खात्री झाली की पुढं. सुकं म्हणजे वरून कोरडं दिसणारं नव्हे. पन्हाळ्याच्या बाजूला पावसाळ्याचे चार महिने आणि पुढं धुकं, तिथं उघड्यावर ठेवलेलं लाकूड डिसेंबरातही आतून ओलं असतं. फोडलेलं लाकूड फेब्रुवारी-मार्चमध्ये भरून, पुढचा अख्खा उन्हाळा वाळवून, पावसाच्या आत पत्र्याखाली ठेवायचं. बाभूळ उत्तम. दोन ओंडके एकमेकांवर आपटले तर टणक वाजले पाहिजेत. ओल्याचा आवाज बद्द येतो. ओलं लाकूड आपली बरीच ताकद स्वतःचं पाणी उकळण्यात घालवतं, धूर गार राहतो आणि गार धूर वर चढत नाही.

मग खिडकीची चाचणी. जाळ पेटवा, धूर खोलीत यायला लागला की जवळची खिडकी चार बोटं उघडा. धूर थांबला तर धुराड्यात दोष नाही, खोलीला हवा कमी पडतीय. जुन्या कौलारू घरात ही अडचण कधी आली नाही, शंभर फटींतनं हवा यायची. तुमचे नवीन बंगले स्लायडिंग खिडक्या लावून डबीसारखे बंद असतात. त्यात स्वयंपाकघरातली चिमणी चालू असेल तर ती फायरप्लेसच्या धुराड्यातनंच हवा खाली ओढते. गुऱ्हाळावर चुलवण बांधणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. काईल, म्हणजे रस उकळायची कढई, कितीही मोठी असू दे, जळणाच्या चिपाडाच्या खालनं वारं आलं नाही तर जाळ लागत नाही, हे त्याला हातानं माहीत असतं. बंगल्याच्या आर्किटेक्टला मात्र बरेचदा विसर पडतो. उपाय सोपा आहे: फायरप्लेसच्या जवळ बाहेरून हवा आणणारा चार इंची पाइप, आत झडप, बाहेर उंदीर-पाली येऊ नयेत म्हणून जाळी.

खिडकी उघडूनही धूर थांबला नाही तर तोंड आणि धुराडं यांचं प्रमाण बघायचं. ढोबळ नियम असा की धुराड्याच्या आतल्या पोकळीचं क्षेत्रफळ फायरप्लेसच्या तोंडाच्या किमान एक दशांश हवं, गोल धुराडं असेल तर एक बारांश चालतं. तुमचं तोंड ३६ गुणिले ३०, म्हणजे १०८० चौरस इंच. धुराडं चौकोनी आहे आणि आतून किती ते तुम्ही लिहिलेलं नाही. गवंडी नेहमीच्या सवयीनं नऊ बाय नऊ ठेवतात, ते ८१ झालं, आणि हवं १०८. मोजून बघा, पण मला वाटतं तुमचं दुखणं इथंच असावं.

धुराडं आता रुंद करता येत नाही. तोंड मात्र लहान करता येतं, आणि इथं तुमच्या काचेच्या दारांचा खरा उपयोग आहे. एक पत्र्याची पट्टी घ्या, तोंडापेक्षा थोडी रुंद, आठ इंच उंच. जाळ पेटवून धूर बाहेर यायला लागला की दोघांनी जाड हातमोजे घालून ती पट्टी तोंडाच्या वरच्या कडेला चिकटवून धरा आणि एकेक इंच खाली सरकवा. कुठंतरी धूर यायचा थांबेल. ते माप खडूनं दगडावर लिहा. समजा चार इंचांवर थांबला, तर तोंड ३६ गुणिले २६ म्हणजे ९३६ चौरस इंच झालं, आणि ८१ चं प्रमाण एकास साडेअकराच्या आसपास आलं. नियमात पुरतं बसत नाही, पण धुराड्याची उंची चांगली असेल तर एवढ्यानं भागतं, पट्टी स्वतःच सांगते. मग दाराच्या चौकटीला वर चार इंचांची बंद लोखंडी पट्टी ठेवायची, काच त्याच्या खालनं सुरू करायची. दारं उघडी असली तरी ती पट्टी जागेवर राहते आणि धूर अडतो. हे तुमच्या एकाही कोटेशनमध्ये नाही. तिघांनीही वरपासून खालपर्यंत काच दाखवली आहे, कारण दिसायला ती छान दिसते.

एवढं करूनही वाऱ्याच्या दिवशीच धूर येत असेल तर धुराड्याची उंची बघायची. छपरातनं जिथं बाहेर पडतं तिथं किमान तीन फूट, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल, पाण्याची टाकी, जिन्याची खोली, त्याच्यापेक्षा दोन फूट वर. तुमच्या गच्चीवर टाकी कुठं आहे ते बघा.

इथवर आलेलं जरा गोळा करतो. दार मिटून जाळ होण्याची शक्यता आहे, म्हणून सिरॅमिक काच. धुरासाठी आधी खिडकी आणि पट्टीची चाचणी, आणि पट्टीचं माप चौकटीत धरायचं. राहिलं लेकरू आणि चौकट.

मुलीसाठी काचेचं दार म्हणजे संरक्षण, असं समजू नका. जाळ उघडा असतो तेव्हा झळ लागते आणि लेकरू आपोआप मागं सरतं. काचेला झळ कमी आणि मागं नाचता जाळ, म्हणजे तिथं हात लावायलाच बोलावणं. काच बाहेरून शेकडो अंशांनी तापलेली असते आणि जाळ विझल्यावरही तासभर भाजते. म्हणून दाराच्या पुढं दोन-अडीच फुटांवर भिंतीला पक्की केलेली जाळीची कठडावजा चौकट हवी, जी मुलीला ओढून पाडता येणार नाही. ती पाच-सहा वर्षं ठेवा, मग काढून टाका. पैसे कमी पडत असतील तर दारं पुढच्या वर्षी करा, पण हा कठडा या वर्षी. त्याच ओघात, फायरप्लेसच्या पुढं दगडाची किंवा कडाप्प्याची पट्टी किमान २० इंच आणि दोन्ही बाजूंना फूटभर हवी. तुमचं लाकडी फ्लोअरिंग तोंडापर्यंत आलेलं असेल तर तेवढं कापून घ्या, दार लावलं तरी.

चौकट लोखंडीच. तुमचं सगळ्यात स्वस्त कोटेशन ॲल्युमिनियम सेक्शनमधल्या सरकत्या दारांचं आहे, कपाटाला लावतात तसलं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण मऊ त्याच्या खूप आधी पडतं, आणि त्यातलं रबरी बीडिंग पहिल्या जाळालाच वास मारायला लागेल. ते बाजूला ठेवा. लोखंडाला नेहमीचं पावडर कोटिंग नको, दोनशे अंशांच्या पुढं ते पिवळं पडतं आणि वास सोडतं. भट्टीला मारतात तो सिलिकॉनचा काळा उष्णतारोधक रंग, जो ६०० अंशांपर्यंत टिकतो, तो मारायचा. तुमच्याकडच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी एक हात मारावा लागेल.

लोखंड वाढतं हे फॅब्रिकेटरला माहीत असतं, पण खिडक्या करून करून विसरायला होतं. ९०० मिलिमीटरची पट्टी ३०० अंशांनी तापली की तीनेक मिलिमीटर वाढते. म्हणून चौकट दगडात घट्ट सिमेंट करून बसवायची नाही. चार ठिकाणी लांबट भोकांतनं बोल्ट, आणि दगड-लोखंडाच्या मधली फट सिरॅमिक वूलनं, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या कापसासारख्या तंतूंनी, भरायची. काळा दगड घडीव असला तरी गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नसतो, त्यामुळं रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण मोजायचे. मी तोंडाच्या बाहेर दीड इंच दगडावर चढणारी चौकट करतो, वाकडेपणा तिच्याखाली झाकला जातो. काचेभोवती दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा, क्लिपच्या आत फायबरची दोरी, आणि स्क्रू बोटानं वळेल एवढाच. काच फुटते ती पुष्कळदा उष्णतेनं नाही, कारागिरानं पिळलेल्या स्क्रूनं. दोरी घेताना ॲस्बेस्टॉसची घेऊ नका, जुन्या दुकानांत अजून मिळते, तिचा तंतू छातीत गेला की आयुष्यभराचं दुखणं.

दारं दोनच करा, मधून दोन्हीकडं पूर्ण उघडणारी. घडीची चार पाती दिसायला नाजूक असतात, पण बिजागऱ्या दुप्पट आणि काजळीनं त्याच आधी अडतात. खालच्या पट्टीत सरकती झडप असलेली हवेची भोकं हवीतच. ती नसतील तर दार मिटल्यावर जाळ गुदमरतो, नुसता धुमसतो, काच काळी होते आणि धुराड्यात डांबरासारखी काजळी धरते. ती काजळी एखाद्या दिवशी धुराड्यातच पेटते.

आणि एक, जे चुकवून चालणार नाही. निखारे लाल असेपर्यंत धुराड्याची झडप मिटायची नाही, दारं मिटलेली असली तरी. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, आणि झोपेतला माणूस उठत नाही. दाराच्या फटींतनं तो सहज बाहेर येतो. झडप सकाळी राख गार झाल्यावर मिटा. हॉलमध्ये आणि मुलगी झोपते त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, ऑनलाइन मिळतात.

काच पुसण्याबद्दल विचारलं होतंत. ओल्या वर्तमानपत्राला तीच लाकडाची राख लावा आणि गार काचेवर घासा. आजीनं भांडी घासली त्याच राखुंडीनं. ब्लेड नको, तारेची घासणी नको.

कोटेशनांबद्दल: पहिलं, ॲल्युमिनियमचं, नाही. तिसरं, बाहेरून येणारं तयार दार, काच चांगली आहे पण त्यांची मापं ठरलेली असतात. तुमच्या २६ इंचांच्या, किंवा जे निघेल त्या उंचीला बसतं का विचारा, नाहीतर एवढे पैसे देऊन भोवती पत्र्याची ठिगळं लावावी लागतील. दुसऱ्या माणसाशी बोला. त्याचं काम ठीक दिसतंय, फक्त काचेचं नाव, जाडी आणि बिल लेखी मागा, वरची बंद पट्टी आणि खालची हवेची झडप ड्रॉइंगमध्ये घालायला लावा. त्यानं सिरॅमिक काच घातली तर भाव वाढेल, तरी तिसऱ्यापेक्षा कमीच राहावा.

पण ऑर्डर त्याआधी देऊ नका. धुराड्याचं आतलं माप, पत्र्याची पट्टी किती इंच खाली आल्यावर धूर थांबला तो आकडा, आणि खिडकी उघडल्यावर काय झालं, एवढं कळवा. चौकटीचं माप मी काढून देतो.